शिक्का खरवडलेला कागद कुणाचा?

पोस्ट मोठी आहे, विषय आडवळणाचा आहे, आणि शेवटी थोडं भांडणही आहे. आधीच सांगून ठेवतो.

मुद्दा एका वाक्यात असा: ज्या जुन्या फोटोच्या किंवा पत्राच्या मागे सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का खरवडलेला दिसतो, तो विकणारा तर दोषी आहेच, पण तो डोळे मिटून विकत घेणाराही मला निर्दोष वाटत नाही. मग तो कितीही मोठा संग्राहक असो आणि खेळावर त्याचं कितीही प्रेम असो.

हे मी बोलतोय ते अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जुन्या कागदांबद्दल. एकोणिसाव्या शतकातली खेळाडूंची कार्डं, संघांचे फोटो, सामन्यांची तिकिटं, धावफलकाचे छापील कागद, क्लबांची पत्रं. न्यू जर्सीत राहायला आल्यावर मला हा नाद लागला. माझी ऐपत ‘हार्पर्स वीकली’च्या जुन्या अंकातलं एखादं फाटकं पान घेण्याइतकीच. पण हॉटेलांच्या हॉलमध्ये भरणारे कार्ड शो मी बरेच पाहिलेत. तिथे टेबलामागे बसलेल्या माणसाला ‘हे तुमच्याकडे कुठून आलं?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘एका जुन्या घरातून.’ जुनी घरं किती असतात हो या देशात!

आता ज्यांना या विषयाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो, कारण हे कागद आले कुठून हे कळल्याशिवाय त्यांचं मोल कळत नाही.

१८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेट यंत्रावर वळल्या जाऊ लागल्या. माल ढीगभर, कंपन्या अनेक, गिऱ्हाईक ओढायचं कसं? शिवाय सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं, आतला माल चेपायचा. म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. त्या तुकड्यावर चित्र छापलं की एका दगडात दोन पक्षी. नट्या, पक्षी, देशोदेशीचे झेंडे आणि बेसबॉलचे खेळाडू. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ‘ॲलन अँड गिंटर’ने १८८७ साली ५० जगज्जेत्यांचा रंगीत संच काढला. त्यात १० बेसबॉलवाले होते, बाकी मुष्टियोद्धे, मल्ल, नेमबाज वगैरे. न्यूयॉर्कच्या ‘गुडविन अँड कंपनी’ने ‘ओल्ड जज’ या सिगारेटबरोबर १८८६ ते १८९० या काळात ५०० हून अधिक खेळाडूंची कार्डं काढली. एकाच खेळाडूच्या अनेक मुद्रा धरल्या तर ती हजारोंत जातात. ही छापील चित्रं नव्हेत, खरे फोटो आहेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्या काळच्या कॅमेऱ्याला पळता माणूस टिपता येत नसे, म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभं करून चेंडू दोऱ्याने छताला टांगायचे आणि त्याने झेल घेतल्याचा आव आणायचा. काही कार्डांवर तो दोरा चक्क दिसतो! मला या सगळ्या प्रकारातलं सर्वात आवडतं ते हेच.

मग १८९० साली जेम्स ड्यूकने गुडविन, ॲलन अँड गिंटर आणि आणखी काही कंपन्या एकत्र करून ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ बनवली. मक्तेदारी आली, स्पर्धा गेली, मग गिऱ्हाइकाला फुकट कार्ड द्यायचं कशाला? बेसबॉल कार्डांचं पीक जवळपास थांबलं ते थेट १९०९ च्या सुमारास पुन्हा आलं. मक्तेदारीने काय काय मरतं याचं हे एक छोटंसं उदाहरण, अर्थशास्त्राच्या मास्तरांनी वापरावं असं.

यातलं काहीही त्या काळी कुणी जपायचं म्हणून केलं नव्हतं. पोरं कार्डं घेऊन खेळली, आयांनी साफसफाईत फेकली. तिकिटं तर सामना संपला की मैदानातच. म्हणून जे उरलं ते उरलं कुणामुळे, हा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर सरळ आहे: नादिष्ट माणसांमुळे. आणि त्यातल्या काही नादिष्टांनी शेवटी ते लोकांना देऊन टाकलं म्हणून.

हेन्री चॅडविकचंच बघा. हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, लहानपणी अमेरिकेत आला, आधी क्रिकेटचा बातमीदार. (क्रिकेटवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) बेसबॉलच्या धावफलकाला त्याने आकार दिला, १८६० सालापासून नियमांची आणि आकडेवारीची स्वस्त पुस्तकं काढली आणि आयुष्यभर कात्रणवह्या भरल्या. १९०८ साली तो गेल्यावर त्याचा ग्रंथसंग्रह अल्बर्ट स्पाल्डिंगकडे आला. स्पाल्डिंग म्हणजे खेळाडू, संघमालक आणि क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी. हॅरी राइटचा पत्रव्यवहारही याच संग्रहात आला. हा राइट जन्माने शेफिल्डचा, न्यूयॉर्कमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटू, आणि पुढे १८६९ च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचा कर्णधार. उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा हा पहिला संघ. त्या हंगामात तो एकही सामना हरला नाही. सामने ठरवणं, पगार, गेटवरचे पैसे, रुसवेफुगवे, हे सगळं त्याच्या आवक-जावक पत्रांत. एका धंद्याचा जन्म कसा होतो हे त्या कागदांत दिसतं. स्पाल्डिंग १९१५ साली वारला आणि १९२१ साली त्याच्या पत्नीने हा सगळा संग्रह न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. विकला नाही, दिला. कुणीही यावं, बसावं, वाचावं म्हणून.

बॉस्टनची गोष्ट तर अजून गमतीची. तिथे मायकल मॅकग्रीव्ही नावाच्या गृहस्थांचा गुत्ता होता, नाव ‘थर्ड बेस’. कारण बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसनंतर घरच, तसा हा घरी जाण्याआधीचा शेवटचा थांबा. भिंतीभर बेसबॉलचे फोटो. १९२० साली दारूबंदीने दुकान बंद पडलं आणि त्या जागेत चक्क बॉस्टनच्या सार्वजनिक वाचनालयाची शाखा सुरू झाली. मॅकग्रीव्हींनी आपले फोटो १९२३ साली त्याच वाचनालयाला देऊन टाकले.

एका गुत्तेवाल्याला जे सुचलं ते पुढे सुशिक्षित चोरांनी निस्तरलं. बॉस्टनच्या संग्रहातले अनेक फोटो १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर चोरीला गेले. न्यूयॉर्कच्या संग्रहातूनही फोटो गेले, पत्रं गेली. काळ बघा: जुन्या कार्डांचा आणि कागदांचा बाजार तेव्हाच तापायला लागला होता. आधी ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला भाव आला, आणि वाचनालयात मात्र तेच जुने खोके, तोच एक दमलेला कर्मचारी आणि तीच अपुरी यादी. कोट घालून आत जायचं, मागायचं, वाचायचं आणि दोन कागद कोटाच्या आत घालून बाहेर यायचं, इतकं ते सोपं होतं.

२००९ च्या जुलैमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या निमित्ताने झालेल्या एका लिलावात हॅरी राइटला आलेली पत्रं विक्रीला ठेवली गेली. ती न्यूयॉर्कच्या वाचनालयातली असावीत अशी शंका अभ्यासकांनी घेतली आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेलं. मला यात खटकतं ते वेगळंच. पत्र राइटला आलेलं आहे, राइटचा पत्रव्यवहार १९२१ पासून एका सार्वजनिक संस्थेत आहे हे या क्षेत्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मग ते पत्र लिलावाच्या यादीत छापायच्या आधी वाचनालयाला एक फोन करायला काय जातं? शंका अभ्यासकांनीच का घ्यायची? ज्याला विक्रीवर कमिशन मिळणार आहे त्याने का नाही?

इथे लगेच दोन आक्षेप येतात. मी ते शोमध्येही ऐकलेत, त्यामुळे आधीच घेतो.

पहिला: ‘वाचनालयांनी नीट सांभाळलं नाही, आम्ही तरी सांभाळतोय.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. स्पाल्डिंगचा संग्रह मुळात खासगीच होता. सिरॅक्यूजमधल्या जेफरसन बर्डिक नावाच्या कारखान्यातल्या साध्या कामगाराने आयुष्यभर कार्डं जमवली. १९३९ साली त्यांची पहिली सूची त्याने छापली. आज जाणकार ‘ओल्ड जज’ला ‘एन १७२’ म्हणतात ते त्याच्याच पद्धतीने, एन म्हणजे एकोणिसावं शतक. आणि मग तीन लाखांहून अधिक कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी संग्रहालयात बसून स्वतः ती कार्डं वह्यांत चिकटवत राहिला. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि दोन महिन्यांत गेला. आजचे व्यापारी कार्डं चिकटवली म्हणून हळहळतात, भाव मातीत गेला म्हणतात. अहो, त्याला भाव नकोच होता! आणि वहीला चिकटलेलं कार्ड खिशात सहज सरकत नाही, हा फायदा वेगळाच.

म्हणजे खासगी संग्राहकाने वाचवलं हे खरं. पण बर्डिकने वाचवलं आणि दिलं. ‘मी सांभाळतोय’ असं म्हणत दुसऱ्याचं तिजोरीत ठेवणं, याला संग्रह म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त चलाख: ‘वाचनालयं जुनी पुस्तकं-कागद स्वतःच काढून विकतात. शिक्का आहे म्हणून चोरीचंच कशावरून?’ बरोबर. आपल्याकडेही रद्दीच्या दुकानात ‘सार्वजनिक वाचनालय’ असा गोल शिक्का असलेली पुस्तकं मिळतात आणि त्यातली बरीचशी खरोखरच संस्थेने काढून टाकलेली असतात. पण संस्था काढून टाकते तेव्हा तसा दुसरा शिक्का मारते, किंवा निदान तशी नोंद असते. इथल्या वाचनालयांच्या विक्रीत मी घेतलेल्या पुस्तकांवर ‘संग्रहातून काढले’ असा शिक्का आहे. जो कागद कायदेशीर बाहेर आला, त्याचा मूळ शिक्का कुणी पातं घेऊन खरवडत बसत नाही. खरवडलेली जागा हाच सर्वात बोलका पुरावा. आणि तो दिसत असूनही विक्रेत्याच्या वर्णनात ‘मागच्या बाजूस किंचित झीज’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. झीज म्हणे!

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत चोराकडे मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजले असले तरी. न्यूयॉर्क राज्यात तर दाव्याची मुदत चोरीच्या दिवसापासून धरतच नाहीत. मूळ मालकाने वस्तू मागितली आणि प्रामाणिक खरेदीदाराने नकार दिला की मग घड्याळ सुरू. १९९१ साली गुगेनहाइम संग्रहालयाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. मार्क शागालचं एक चित्र संग्रहालयातून गेलं होतं, आणि संग्रहालयाने पोलिसांना कळवलंही नव्हतं! खरेदीदार म्हणाला, तुम्ही वीस वर्षं गप्प बसलात, आता कसलं मागताय? न्यायालय म्हणालं, गप्प बसणं ही तेवढ्यावरून हक्क गमावण्याइतकी चूक नाही. मात्र त्या उशिराने खरेदीदाराचं अन्यायाने नुकसान झालं का, हे वेगळं तपासता येईल.

म्हणजे कायदा वाचनालयाच्या बाजूला उभा आहे. अडतं कुठे? पुराव्यात. हा विशिष्ट फोटो आमच्याच खोक्यातला होता हे सिद्ध करायचं तर जुनी तपशीलवार यादी हवी, शक्यतो प्रत्येक वस्तूचं चित्र हवं. ‘खेळाडूंचे फोटो, एक खोकं’ अशी नोंद असेल तर न्यायालयात काय कपाळ दाखवणार?

आणि इथे माझा राग वाचनालयांवरही आहे. चोरी झाली की मोठ्या संस्थांची पहिली प्रतिक्रिया असते ती झाकपाक. देणगीदार काय म्हणतील, वर्तमानपत्रं काय लिहितील. गुगेनहाइमने केलं ते हेच. पण हरवलेल्या वस्तूंची यादी तुम्ही जाहीर केली नाहीत तर बाजारातल्या प्रामाणिक माणसाने ताडून बघायचं कशाशी? तुमची अब्रू वाचते आणि चोराचा माल खपतो.

याच्या उलट उदाहरण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं. बेंजामिन एडवर्ड्स यांनी जमवलेली १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे २,१०० कार्डं कवी कार्ल सँडबर्ग यांच्यामार्फत १९५४ साली तिथे आली. आज ती सगळी इंटरनेटवर आहेत, फुकट. प्रत्येक डाग, प्रत्येक दुमडलेला कोपरा जगाला दिसतो. त्यातलं एखादं उद्या लिलावात आलं तर तासाभरात कुणीतरी ओळखेल. कुलपापेक्षा हा बंदोबस्त मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि स्वस्तही.

‘पण जुन्या खेळाच्या कागदांसाठी इतका जीव का टाकायचा?’ असं बायकोने विचारलंच होतं, तुम्हीही विचाराल. कारण बेसबॉलचा अधिकृत इतिहास तब्बल काही दशकं खोटा होता, आणि तो दुरुस्त झाला तो वाचनालयातल्या कागदांनी. १९०५ साली स्पाल्डिंगच्याच पुढाकाराने एक समिती बसली. एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीवर भिस्त ठेवून तिने ठरवलं की हा खेळ ॲबनर डबलडेने १८३९ साली कूपरस्टाउनला शोधला. शुद्ध अमेरिकन, इंग्लंडचा संबंध नाही. डबलडे त्या साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता, पण राष्ट्राभिमानापुढे तारखांना कोण विचारतो! ही कथा खोडून काढणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट हेंडरसन, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला एक ग्रंथपाल. त्याने १८२९ सालच्या इंग्लिश मुलांच्या पुस्तकातले राउंडर्सचे नियम आणि पुढे अमेरिकेत बेसबॉलचे म्हणून छापलेले नियम शेजारी-शेजारी ठेवले. तेच ते!

आणि २००४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाचा १७९१ चा एक ठराव उजेडात आला: नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून ८० यार्डांच्या आत बेसबॉल, क्रिकेट वगैरे खेळायला बंदी. एका कागदाने खेळाचा लिखित अमेरिकी पुरावा डबलडेच्या जन्माआधी नेऊन ठेवला. तो मूळ कागद गावाच्या वाचनालयात होता म्हणून ग्रंथपालाला सापडला. कुणाच्या तिजोरीत असता तर?

एक अजून. १८८७ च्या जुलैमध्ये, म्हणजे ‘ओल्ड जज’ची कार्डं पाकिटांतून निघत होती त्याच उन्हाळ्यात, इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ साली टोलीडोकडून वरच्या श्रेणीत खेळून गेला होता. त्यानंतर दार बंद, ते उघडलं १९४७ साली. हा इतिहास देखण्या कार्डांत नाही. तो पत्रांत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, ज्याला बाजारात फारसा उठाव नाही अशा रुक्ष कागदांत आहे. वाचनालय ते ठेवतं, कारण त्याला भावाशी देणंघेणं नसतं.

भावाचं म्हणाल तर तो आता डोकं फिरवणारा आहे. ९० फुटांचं अंतर, नऊ खेळाडू, नऊ डाव हे ठरवणारे १८५७ चे नियमांचे हस्तलिखित कागद १९९९ साली बारा-तेरा हजार डॉलरच्या आसपास विकले गेले. २०१६ साली तेच ३२ लाख ६० हजार डॉलरला गेले. या कागदांच्या मालकीबद्दल काही वाद नाही, हे स्पष्ट करतो. पण सतरा वर्षांत असा भाव चढतो तिथे लबाडी येणारच. होनस वॅगनरचं जगप्रसिद्ध कार्ड घ्या, ते विसाव्या शतकातलं, १९०९ नंतरचं. २००७ साली २८ लाख डॉलरला गेलं. ज्याने ते पूर्वी विकलं होतं त्या बिल मॅस्ट्रोने २०१३ साली कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या. त्याला शिक्षा झाली ती लिलावात खोट्या बोली लावण्याच्या प्रकरणात, २० महिन्यांची. तज्ज्ञांनी त्या कार्डाला उत्तम दर्जा दिला होता, हे विसरू नका.

म्हणून ‘बाजार स्वतःच स्वतःला सुधारेल’ हे मला पटत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुना, एका विशिष्ट रकमेच्या वरचा कागद लिलावात यायचा असेल तर तो कुणाकडून कुणाकडे आला हे बोलीआधी छापलं पाहिजे, आणि ज्या संस्थेत तसा संग्रह आहे तिला आधी कळवलं पाहिजे. ही जबाबदारी विकणाऱ्याची. घर घेताना आपण सातबारा आणि जुने खरेदीखत बघतो, गाडी घेताना आरसी बुक बघतो, मग लाखो डॉलरच्या कागदाला ‘जुन्या घरातून’ एवढं पुरतं कसं? आणि वाचनालयांनी हरवलेल्याची यादी लाज न बाळगता जाहीर करावी. नाव खराब होईल म्हणता? ते यादी लपवल्याने आधीच झालंय.

न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे बरीच मराठी मंडळी आहेत. पुण्या-मुंबईहून आई-बाबा आले की सगळे टाइम्स स्क्वेअर दाखवतात. एकदा त्यांना ४२व्या रस्त्यावरच्या त्या दोन दगडी सिंहांच्या इमारतीत न्या, स्पाल्डिंग संग्रह तिथल्याच वाचनालयाचा आहे. होबोकेनला वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १८४६ च्या सामन्याची खूण आहे, तीही बघा, नंतर वडापावाची सोय जवळच होते. आणि जे भारतात आहेत त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ती कार्डं उघडावीत. पैसे लागत नाहीत. ‘ओल्ड जज’चं एखादं कार्ड मोठं करा आणि खेळाडूच्या हातापुढच्या चेंडूच्या जरा वर बघा, दोरा सापडतो का ते. सापडला तर खाली कॉमेंटमध्ये टाका.